धारेचे जुने दगड : प्रस्तावना

विळी थोडी बोथट झाली तरी भाजी चिरली जाते. वस्तऱ्याला ही मुभा नाही. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो, त्याला कसलाही आधार नसतो आणि त्याच्या बुडाशी लगेच कातडी असते. तो न ओढता, न वाकवता कापायचा, तर धारेचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असावे लागते. अशी धार लोहाराच्या ऐरणीवर येत नाही, की पाते घासून पोकळ करणाऱ्या चाकावरही येत नाही. ती शेवटी एका सपाट दगडावर, पाण्याच्या किंवा तेलाच्या पातळ थरावर, हातानेच काढावी लागते. हे पुस्तक त्या दगडांविषयी आहे. बेल्जियम, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि जपानच्या डोंगरांतून ते निघाले, दोन-अडीचशे वर्षे जगभरच्या केशकर्तनालयांत आणि घरांत वापरले गेले. आज त्यांतल्या बहुतेक खाणी बंद आहेत. त्यामुळे हा माल आता मुख्यतः जुन्या बाजारांत, लिलावांत आणि वारसाहक्काने आलेल्या पेट्यांत सापडतो.

दगड कुठलाही असो, वापर मुळात एकच. वस्तऱ्याची जाड पाठ आणि पातळ धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवून पाते पुढे ढकलतात आणि पाठीवर उलटून परत आणतात. धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवर ठरतो. तो बहुधा सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतो. म्हणून सुरी घासताना लागते तशी कोन सांभाळण्याची कसरत इथे नाही. इथे सांभाळायचा असतो तो दाब. भरड दगडावर दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत मिळवायचे, मधल्या दगडावर भरड ओरखडे पुसायचे आणि शेवटच्या दगडावर, पात्याच्या वजनापलीकडे फारसा दाब न देता, धार संपवायची. मग चामड्याचा चामोटा. संग्राहक ज्याच्या मागे धावतात तो हा शेवटचा दगड. धार चेहऱ्यावर कशी वाटेल, मऊ की बोचरी, हे तोच ठरवतो.

या दगडांची वर्गवारी फार जुनी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या छत्तिसाव्या खंडात धारेच्या दगडांची नोंद केली आहे. क्रीट आणि लॅकोनियाचे दगड तेलाचे, नॅक्सोस आणि आर्मेनियाचे पाण्याचे, सिलिसियाचे दोन्हींवर चालणारे. आणि एक चौथा प्रकार, न्हाव्यांच्या दुकानांत थुंकी लावून वापरला जाणारा. त्यात स्पेनचा दगड सर्वांत चांगला, असे तो सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही वस्तऱ्याचा दगड इतर हत्यारांच्या दगडांपासून वेगळा ओळखला जात होता आणि त्याचे नाव खाणीच्या गावावरून ठरत होते. पाण्याचे दगड आणि तेलाचे दगड ही विभागणी आजही तशीच आहे.

अठराव्या शतकात या विषयाला नवे वळण लागले. १७४०च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद बनवले आणि वस्तऱ्याला पूर्वी कधी न मिळालेले पाते मिळाले. पॅरिसचा कारागीर झां-झाक पेरे याने १७६९मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक पुस्तक काढले. लंडनच्या बेंजामिन किंग्जबरीने १७९७मध्ये वस्तऱ्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दाढी घरी होऊ लागली, तसा दगडही घरी आला. या साऱ्यात मुंबईचाही एक धागा आहे. १७९४च्या सुमारास डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून भारतीय वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत शोधनिबंध मांडला. चाकू-वस्तरे बनवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादाने भारावले. १८२०च्या आसपास त्यांनी तरुण मायकेल फॅरडेला सोबत घेऊन मिश्र पोलादाचे प्रयोग केले. मुंबई बंदरातून गेलेले ते थोडेसे पोलाद इंग्लंडच्या धारेच्या विचाराला खतपाणी घालून गेले, हे आपल्या वाचकाला ठाऊक असायला हवे.

आता प्रत्यक्ष दगडांकडे येऊ. माझे सर्वांत जास्त प्रेम ज्याच्यावर आहे त्याच्यापासून सुरुवात करतो.

बेल्जियमच्या आर्देन डोंगरात, व्हियेलसाल्म आणि लिएर्न्यो या गावांच्या परिसरात, जांभळट निळ्या पाटीच्या दगडात पिवळसर पट्टे सापडतात. तोच कोटिक्यूल. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेल्या थरांतून तो घडला. अभ्रकाच्या बारीक गाऱ्यात मँगनीजयुक्त गार्नेटचे अतिसूक्ष्म दाणे खच्चून भरलेले आहेत. हे दाणे पाच ते पंधरा मायक्रॉनचे, म्हणजे आजच्या कृत्रिम शेवटच्या दगडांतल्या कणांपेक्षा कितीतरी मोठे. तरीही त्यांची धार मऊ असते, याचे कारण दाण्याच्या आकारात आहे. गार्नेटचा स्फटिक बारा पैलूंचा, जवळजवळ गोल. तो पोलादात खोल रुतत नाही, वरवर उथळ खरवडतो. शिवाय तो अभ्रकात अर्धा बुडालेला असतो. पृष्ठभागावर छोटा दगड घासून गाळ काढला की दाणे सुटे होतात आणि दगड झपाट्याने कापू लागतो. थेंबथेंब पाणी घालत गाळ पातळ करत नेला की तोच दगड शांत होत जातो आणि शेवटी नुसत्या पाण्यावर धार संपवतो. सगळे काम एकाच दगडावर! जगात इतका लवचीक दगड दुसरा नाही, असे माझे मत आहे.

हे पिवळे पट्टे कधी कधी काही सेंटिमीटरच जाड असतात. खाणीतून काढलेला तुकडा पातळ आणि ठिसूळ, म्हणून त्याला मागून पाटीचा दगड चिकटवत. पिवळा आणि निळा थर निसर्गतःच जोडलेला असेल तर तो तसाच कापत, आणि संग्राहक अशा नैसर्गिक जोडीला जास्त मान देतात. प्रत्येक थराला खाणकामगारांनी नाव दिले होते. ला ग्रीझ, ला व्हेनेट ही नावे आजही जाणकारांच्या तोंडी आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा जवळजवळ थांबला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एका छोट्या कारखान्याने तो पुन्हा उभा केला. साल्मशातो गावात कोटिक्यूलचे संग्रहालय आहे. तिथे जुनी यंत्रे पाहिली की एकेका दगडामागचे श्रम कळतात.

जर्मनीतल्या थुरिंगियाचा दगड याच्या अगदी उलट. त्यात गार्नेट नाही. तो अतिशय बारीक पोताची, मऊ, एकसारखी पाटी आहे. झोनेबर्गच्या एशर घराण्याने तो जगभर पोहोचवला. त्यांची चिठ्ठी चिकटवलेला, मूळ खोक्यातला आणि सोबत घासायचा छोटा दगड असलेला एशर आज संग्राहकांच्या यादीत बहुधा सर्वांत वर असतो. पिवळट हिरवा, फिकट हिरवा, निळसर हिरवा, गडद निळा अशा त्याच्या छटा. हिरवट दगड अधिक बारीक, असा बाजारात समज आहे. त्याला खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही, पण किंमत मात्र त्या समजावरच ठरते. थुरिंगियाचा दगड झटपट कापत नाही. आधी दुसऱ्या दगडावर सगळे काम नीट झाले असेल तरच तो आपले देणे देतो. मग मात्र धार तीक्ष्णही असते आणि कातडीला कळतही नाही.

ब्रिटनच्या दगडांविषयी थोडक्यात. लेस्टरशरमधल्या चार्नवुडचा चार्नली फॉरेस्ट हा हिरवट, कधी तांबूस डागांचा दगड अत्यंत कठीण आणि फार सावकाश काम करणारा आहे. त्याच्यावर धीर धरणाऱ्यालाच धार मिळते. वेल्सच्या डोंगरी तळ्यांकाठच्या पाटीच्या खाणींतले दगड आणि स्कॉटलंडच्या एअरशरमधला ठिपकेदार टॅम ओ'शँटर यांनाही त्यांचे चाहते आहेत. एकेकाळी सर्वांत महागडा असलेला तुर्की तेलदगड पूर्व भूमध्य समुद्राच्या प्रदेशातून येई. अमेरिकन दगड स्वस्तात मिळू लागल्यावर तो मागे पडला.

तो अमेरिकन दगड म्हणजे आर्कान्सा राज्यातल्या वॉशिटा डोंगरांतला नोव्हॅक्युलाइट. हा जवळजवळ शुद्ध सिलिका आहे, डोळ्याला न दिसणाऱ्या क्वार्ट्झच्या कणांचा. इथले मूळ रहिवासी हजारो वर्षे त्याची बाणाग्रे बनवत आले. १८९०च्या सुमारास भूवैज्ञानिक लिऑन ग्रिझवोल्ड यांनी राज्याच्या भूसर्वेक्षणासाठी या दगडांवर एक संपूर्ण ग्रंथ तयार केला. धारेच्या दगडांवर इतका गंभीर अभ्यास त्याआधी क्वचितच झाला असेल. न्यू हॅम्पशरच्या पाइक कंपनीने हा दगड घरोघरी नेला आणि १९३२मध्ये ती कंपनी नॉर्टनकडे गेली. सच्छिद्र, झटपट कापणारा तो वॉशिटा. घट्ट, अर्धपारदर्शक किंवा काळा तो कठीण आर्कान्सा. वस्तऱ्याला हवा तो दुसरा. या दगडात कण सुटत नाहीत, गाळ होत नाही. म्हणून त्याचा पृष्ठभाग जसा घासून ठेवाल तशीच धार मिळते. वर्षानुवर्षे वापरून गुळगुळीत झालेला जुना आर्कान्सा नव्यापेक्षा चांगला का, याचे उत्तर इथे आहे.

जपानचा विचार वेगळ्या वाटेने गेला. क्योतोच्या पश्चिमेला, अतागो डोंगराच्या आसपास नाकायामा, ओझुकू, ओकुदो, शोबुदानी अशा खाणींतून सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या खोल समुद्रातल्या गाळाचा दगड निघे. त्यात अतिसूक्ष्म क्वार्ट्झ आणि अभ्रक असते. नाकायामा खाण १९६७मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून तिच्या शिक्क्याचा दगड दंतकथेसारखा विकला जातो. पण मला या परंपरेत सर्वांत मोलाची वाटते ती मिकावा भागातल्या पांढऱ्या नागुरा दगडांची शिस्त. बोतान, तेन्जो, मेजिरो, कोमा हे चार नागुरा भरडपासून बारीकपर्यंत क्रमाने घ्यायचे. खालचा दगड तोच ठेवून त्यावर एकेका नागुराचा गाळ काढायचा. म्हणजे काम गाळ करतो आणि खालचा दगड त्याला पाट देतो. सान्जोच्या इवासाकी पितापुत्रांनी वस्तरे घडवले आणि धार लावण्याचे हे ज्ञान लिहूनही ठेवले. कारागिराने आपली विद्या इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवल्याची उदाहरणे जगातही मोजकी आहेत.

नैसर्गिक दगडांचा पहिला प्रतिस्पर्धी वस्तऱ्याच्या काळातच आला. १८९१मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसनला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले. लवकरच तळहाताएवढे, खिशात मावणारे कृत्रिम निसणे बाजारात आले. मारिबोरचा स्वाटी आणि कार्बोरंडम कंपनीचे दगड त्यांत नावाजलेले. दर काही दिवसांनी चार-पाच हात फिरवले की थकलेली धार परत येई, आणि अनेक न्हावी पाण्याऐवजी त्यावर दाढीचा फेसच लावत. हे निसणे आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहेत. नव्या माणसाने संग्रहाची सुरुवात इथूनच करावी, असे मी आवर्जून सांगेन.

दुसरा प्रतिस्पर्धी दगडाला नव्हे, वस्तऱ्यालाच भिडला. जिलेटने १९०३मध्ये पाते बदलायच्या दाढीयंत्राची विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ यंत्रे खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने हीच यंत्रे लाखांनी घेतली. घरी परतलेल्या सैनिकांना धार लावायची गरजच उरली नाही. खाणींचा ग्राहक गेला आणि पुढच्या अर्धशतकात एकेक खाण थंडावली.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर पुन्हा वस्तरा हाती घेणारे लोक वाढले आहेत आणि त्यांच्यात मतांचे फड उभे राहिले आहेत. एका बाजूला कोटिक्यूल किंवा आर्कान्सावर आरंभापासून अखेरपर्यंत एकाच दगडाने काम करणारे. दुसऱ्या बाजूला कृत्रिम दगडांच्या चढत्या क्रमाने धार तयार करून शेवटचे दहा-वीस हातच नैसर्गिक दगडावर घेणारे. गाळाने धारेचे टोक गोलावते म्हणून नुसत्या पाण्यावर काम करावे, असे सांगणारे एकीकडे. गाळाशिवाय नैसर्गिक दगडाचा स्वभावच कळत नाही, असे म्हणणारे दुसरीकडे. मी दोन्ही रीती वापरतो. माझा निष्कर्ष असा की उतार नीट मिळाले नसतील तर कुठलाही शेवटचा दगड वाचवू शकत नाही, आणि नीट मिळाले असतील तर या वादांतले निम्मे अंतर मिटते. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आजचे चांगले कृत्रिम दगड अतिशय सरस आहेत आणि त्यांवर उत्तम दाढी होते. नैसर्गिक दगड घ्यायचा तो त्याच्या धारेचा कातडीवरचा पोत वेगळा असतो म्हणून, आणि प्रत्येक तुकडा पृथ्वीच्या पोटातला एकमेव असतो म्हणून.

या एकमेवपणामुळेच संग्रह करणे कठीण आहे. कृत्रिम दगडावर बारीकपणाचा आकडा छापलेला असतो. नैसर्गिक दगडाला आकडा नसतो, आणि विक्रेता सांगेल तो आकडा निव्वळ अंदाज असतो. ओळख पटवायची ती रंग, वजन, गाळाचा रंग, करवतीच्या खुणा, कडांची घडण आणि चिठ्ठीचा उरलेला तुकडा यांवरून. गार्नेटमुळे कोटिक्यूल हाताला अपेक्षेपेक्षा जड लागतो. थुरिंगियाचा गाळ दुधी करडा असतो. साध्या पाटीला एशर म्हणून विकण्याचा धंदा आज जोरात आहे. म्हणून चिठ्ठीपेक्षा दगडाकडे पाहायला शिकावे. मी तर म्हणेन, ज्यावर वस्तरा कधी फिरवला नाही तो दगड कपाटात असूनही आपल्या संग्रहात नाही. काचेमागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांची रांग म्हणजे या विषयाचे ज्ञान नव्हे.

दगड सपाट करताना मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. सतत पाणी वाहते ठेवावे आणि कोरडी धूळ कधीही उडू देऊ नये. सिलिकाची धूळ फुप्फुसांचा नाश करते. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटी-पेन्सिल उद्योगात सिलिकोसिसने किती कामगार गेले, याचा इतिहास आपल्या शेजारचाच आहे. आपण हौसेने हाताळतो तो प्रत्येक जुना दगड कुणीतरी त्याच धुळीत उभे राहून कापलेला आहे, हे या छंदातल्या माणसाने विसरू नये.

मग हे पुस्तक मराठीत कशासाठी? आपल्याकडे वस्तरा होता, चामोटा होता, धोकटी होती. लाखेत कुरुंदाची पूड मिसळून घासचाके करण्याची कला भारतात जुनी आहे आणि शिकलगारांनी पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे पाजवली. वस्तऱ्याला आपल्या समाजात दुःखाचाही इतिहास आहे. विधवांच्या केशवपनासाठी तोच वापरला गेला. १८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ते काम नाकारले, ही त्या हत्याराच्या इतिहासातली सर्वांत उज्ज्वल घटना आहे. पण नाभिक कोणता दगड वापरत, तो कुठून येई, त्यावर पाणी घालत की तेल, किती दिवसांनी घासत, हे सारे हातातच राहिले, कागदावर आले नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाणीव वाढल्यावर दुकानांत अर्धे पाते बसवायचा वस्तरा आला. ते योग्यच झाले. त्या बदलात दगड मात्र निरुपयोगी ठरले आणि ते वापरणारे हातही आता थकले आहेत. युरोपातल्या एखाद्या घराण्याची चिठ्ठी कुठल्या दशकातली यावर जगात चर्चा होते. आपल्या धोकटीतल्या दगडाविषयी मात्र दोन ओळी सापडत नाहीत. ही उणीव मला खुपत आली आहे.

म्हणून या पुस्तकाने दोन कामे हाती घेतली आहेत. पहिले, वर सांगितलेल्या परंपरांमधले दगड कसे घडले, कसे ओळखावेत, कसे सपाट करावेत आणि वस्तऱ्यावर कसे वापरावेत, हे नवख्या वाचकाला हातात दगड घेऊन करता येईल अशा मराठीत सांगणे. बाजारभावांची यादी मुद्दाम दिलेली नाही. ती वर्षभरात जुनी होते आणि वाचकाला दगडाऐवजी पैशाकडे पाहायला लावते. दुसरे काम अधिक अवघड. आपल्याकडच्या निसण्यांची नोंद सुरू करणे. इथे मी फक्त चौकट आखली आहे. ती भरायची आहे.

त्यासाठी वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, आजोबांच्या पेटीत किंवा ओळखीच्या जुन्या दुकानात असा दगड असेल तर तो आम्लाने धुऊ नका, त्यावर वाळूकागद चालवू नका, चिकटलेली चिठ्ठी खरवडू नका. लांबी, रुंदी, जाडी मोजा, वजन करा, ओला आणि कोरडा अशी दोन छायाचित्रे काढा. तो वापरणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याजवळ बसून ती तो कसा वापरत होती ते विचारा, आणि ती सांगेल तसेच, तिच्याच शब्दांत, आजच लिहून ठेवा.